काचबिंदूचे थेंब वापरताना घ्यायची काळजी

काचबिंदू म्हणजे बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढून डोळ्याची नस खराब करणारा आजार. हा दाब उतरवणाऱ्या थेंबांना बरेच जण वरवरचं औषध समजतात. गोळी पोटात जाते, थेंब डोळ्यातच राहतो, मग त्याने बाकीच्या शरीराला काय होणार, असा हिशेब असतो. तो चुकीचा आहे. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला एकेक बारीक छिद्र असतं. अश्रू तिथून नळीवाटे नाकात उतरतात आणि औषधही त्याच वाटेने जातं. नाकाच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यामुळे ते तिथून सरळ रक्तात मिसळतं. गोळीतलं औषध आधी यकृतातून जातं आणि काही औषधांचा बराचसा भाग तिथेच निकामी होतो. नाकातून शिरलेल्या औषधाला तो अडथळा नसतो. म्हणूनच टिमोलॉल या काचबिंदूच्या औषधाच्या एका थेंबानेही दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडू शकतो, नाडी मंदावू शकते.

तेव्हा खाली जे काही सांगितलं आहे, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा रोख एकच आहे: थेंब डोळ्यात पडावा आणि डोळ्यातच थांबावा. औषधाचा गुण त्यामुळेच येतो आणि धोकाही त्यामुळेच कमी होतो.

बाटली उघडण्याआधी

थेंबांच्या बाटल्या एकमेकींसारख्या दिसतात. डोळ्याचे थेंब, कानाचे थेंब आणि चटकन चिकटणारा गोंद यांच्या बाटल्याही एकाच घाटाच्या असतात. गोंद डोळ्यात गेल्याचे अपघात खरोखर होतात, आणि बहुतेक वेळा कारण साधंच असतं: एकच खण, अपुरा उजेड आणि काढून ठेवलेला चष्मा. लेबल नेहमी चष्मा लावून वाचा आणि मगच चष्मा काढा. औषधाचं नाव, टक्केवारी, कोणत्या डोळ्यासाठी आणि मुदत, या चार गोष्टी दर वेळी नजरेखालून घाला. गोंद, कानाचे थेंब आणि नखांना लावायची द्रव्यं वेगळ्या खोलीतच ठेवा.

काही देशांत औषधाच्या गटानुसार झाकणाचा रंग ठरलेला असतो, पण कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो. रंगावर सगळी भिस्त ठेवू नका. नजर बरीच कमी झाली असेल तर सकाळच्या बाटलीला एक आणि रात्रीच्या बाटलीला दोन रबरबँड गुंडाळा. अंधारातही बोटांना फरक कळतो.

नवी बाटली उघडताना झाकणाखालचं प्लास्टिकचं कडं सैल सुटलं असेल तर ते काढून टाका. बाटली उलटी केली की ते डोळ्यात पडू शकतं. काही बाटल्यांचं टोक बंद असतं आणि झाकणाच्या आतला खिळा ते भोसकतो: झाकण घट्ट फिरवायचं, की नेमक्या मापाचं भोक पडतं. हे काम सुईने किंवा टाचणीने करू नका. भोक मोठं पडलं की थेंब मोठा येतो, बाटली लवकर संपते, आणि सुईवरचे जंतू आत जातात ते वेगळंच.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख लेबलवर लिहा. छापलेली मुदत बंद बाटलीची असते. उघडलेली बाटली साधारणपणे ४ आठवड्यांनी टाकून द्यायची. काही औषधांना ६ आठवड्यांपर्यंत मुभा असते, ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. परिरक्षक (औषधात जंतू वाढू न देणारं द्रव्य) नसलेल्या एकवेळच्या छोट्या कुप्या उघडल्या की लगेच वापरायच्या आणि उरलेलं औषध टाकून द्यायचं. "निम्मं उरलंय, रात्री चालेल" असं करू नका, कारण त्यात जंतूंना रोखणारं काहीच नसतं.

साठवणीच्या बाबतीत लॅटानोप्रॉस्टचं औषध सगळ्यात नाजूक. त्याच्या बऱ्याच बंद बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात, आणि उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालतात. काही कंपन्यांचं औषध बाहेरही टिकतं, म्हणून आपल्या बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेलं औषध वापरायचं नाही. तापलेल्या गाडीत राहिलेल्या बाटलीवरही विसंबू नका. पाण्यासारखं स्वच्छ असलेलं औषध गढूळ झालं किंवा त्याचा रंग बदलला, तर मुदत शिल्लक असली तरी बाटली बदला.

थेंब घालताना

हात साबणाने धुऊन कोरडे करा. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. बऱ्याच थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक असतं, ते मऊ लेन्समध्ये शोषलं जातं आणि मग तासन् तास डोळ्याला लागत राहतं. थेंब घातल्यावर १५ मिनिटांनी लेन्स पुन्हा लावता येते. ब्रिन्झोलामाइडसारखं औषध दुधाळ असतं, त्यात औषधाचे कण तरंगत असतात; ती बाटली आधी नीट हलवून घ्या, नाहीतर सुरुवातीच्या थेंबांत औषध कमी येतं आणि शेवटच्या थेंबांत जास्त.

आता बसा किंवा आडवे व्हा. उभ्याने मान मागे टाकली की वयस्कर माणसांचा तोल जातो. झाकण काढून त्याची आतली बाजू कशाला लागणार नाही असं ठेवा. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा, म्हणजे डोळा आणि पापणी यांच्यात एक खोबण तयार होते. थेंब तिथे पडायला हवा, बुबुळावर नाही. बुबुळावर पडलेला थेंब जास्त झोंबतो, डोळा गच्च मिटतो आणि औषध गालावर येतं. नजर वर छताकडे ठेवा, बाटली सरळ उलटी धरा आणि टोक डोळ्यापासून एक ते दोन सेंटिमीटर वर ठेवून हळूच दाबा.

टोक पापणीला, पापणीच्या केसांना किंवा बोटाला लागता कामा नये. लागलं की पापणीवरचे जंतू टोकावर येतात, दाब सोडताना बाटली थोडा द्रव आत ओढून घेते आणि पुढचे काही आठवडे तेच जंतू रोज डोळ्यात जातात. त्यातून बुबुळावर जखम होऊ शकते, आणि तिचा व्रण नजर कायमची अधू करू शकतो. टोक लागलंच, तर पुसून किंवा धुऊन ते निर्जंतुक होत नाही. बाटली बदलणं उत्तम.

एकच थेंब. एका थेंबात साधारण ३० ते ५० मायक्रोलिटर औषध असतं, आणि डोळ्यात मावतं जेमतेम ३०. दुसऱ्या थेंबाला जागाच नसते. तो गालावर तरी येतो, नाहीतर नाकात तरी उतरतो. पहिला थेंब चुकून गालावर पडला तरच पुन्हा घाला. शंका असेल तर बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून वापरा. गार थेंब डोळ्यात पडल्याचं लगेच जाणवतं.

यानंतरची दोन मिनिटं फार मोलाची आहेत आणि नेमकी तीच वगळली जातात. डोळा अलगद मिटा. गच्च आवळू नका, उघडझाप करू नका. प्रत्येक उघडझापीला अश्रू नळीकडे ढकलले जातात आणि औषधही. डोळा मिटलेला असताना तर्जनीचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, नाकाच्या हाडाच्या बाजूने ठेवून हलका दाब द्या. जागा बरोबर असेल तर बोटाखाली हाड लागतं. दाब हाडावर द्यायचा, डोळ्यावर नाही. घड्याळ लावून दोन मिनिटं. घशात कडू चव येत असेल, तर औषध नाकातून खाली उतरतंय असं समजा आणि बोटाची जागा थोडी सरकवून बघा. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर डोळ्याजवळ दाब देण्याआधी सर्जनला विचारा; तोवर नुसता डोळा मिटून ठेवा.

शेवटी गालावर, पापण्यांवर आलेलं औषध स्वच्छ टिश्यूने टिपून घ्या. लॅटानोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बायमॅटोप्रॉस्ट या गटात तर हे विसरूच नका, कारण सांडलेलं औषध रोज कातडीवर राहिलं की डोळ्याभोवतीची त्वचा काळवंडते आणि जिथे ओघळतं तिथे लव वाढते.

हात थरथरत असेल तर बाटली धरलेला हात कपाळावर टेकवा, किंवा पापणी ओढणाऱ्या हाताच्या मुठीवर बाटलीचा हात ठेवा. तरीही जमत नसेल तर उताणं झोपून डोळा मिटा, आतल्या कोपऱ्यातल्या खळग्यात एक थेंब टाका आणि मग डोळा सावकाश उघडा. औषध आपोआप आत जातं. ही पद्धत वापरायची तर पापण्या आणि कोपरा आधी स्वच्छ पुसलेला हवा. बाटली दाबायलाच बोटांत ताकद नसेल तर त्यासाठी साधी उपकरणं मिळतात. ती मागायला संकोच करू नका.

औषधं एकाहून जास्त असतील तर

दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये किमान ५ मिनिटं जाऊ द्या. लगेच घातलेला दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो, म्हणजे पहिलं औषध घेतलं न घेतल्यासारखं. क्रम असा: आधी पाण्यासारखे थेंब, मग दुधाळ, आणि जेल किंवा मलम सगळ्यात शेवटी. मलमाचा थर बसला की त्यावर घातलेले थेंब आत पोचत नाहीत. जेलच्या आधी १० मिनिटं मोकळी ठेवा.

इथे एक मोठी चूक होते. आजकाल दोन औषधं एकत्र असलेल्या बाटल्या खूप लिहिल्या जातात: डॉरझोलामाइड आणि टिमोलॉल, ब्रिमोनिडीन आणि टिमोलॉल, बायमॅटोप्रॉस्ट आणि टिमोलॉल. बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं व्यापारी नाव काहीही असो, आत टिमोलॉल असतं. जुनी टिमोलॉलची बाटली बंद करायला कुणी सांगितलेलं नसतं, किंवा सांगितलेलं लक्षात राहत नाही, आणि रुग्ण दोन्ही घालत राहतो. नवी बाटली हातात आली की बारीक अक्षरातली घटकांची नावं वाचा आणि "आधीच्यातली कोणती बंद करू?" हे स्पष्ट विचारून घ्या.

कोणत्या औषधाने काय होऊ शकतं

सगळ्यात जास्त सावधगिरी टिमोलॉलला लागते. ते बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे रक्तदाब आणि हृदयासाठी ज्या गटातल्या गोळ्या देतात त्याच गटातलं. दमा असेल, पूर्वी कधी झालेला असेल, किंवा फुफ्फुसाचा जुनाट अडथळ्याचा आजार असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ते विचारण्याआधीच सांगा. लहानपणचा दमा "आता बरा झालाय" म्हणून गाळू नका. नाडी मुळातच मंद असणं, हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा असणं, हृदय अशक्त असणं, ही माहितीही तितकीच गरजेची. बीटा ब्लॉकरची गोळी किंवा व्हेरापामिल चालू असेल तर दोन्हींचा परिणाम हृदयावर एकत्र होतो. औषध सुरू झाल्यावर जिना चढताना नवीन धाप, छातीत घरघर, रात्रीचा कोरडा खोकला, चक्कर, विलक्षण थकवा जाणवला तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. मिनिटभर नाडी मोजा. ती ६० च्या खाली राहत असेल आणि सोबत चक्कर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. श्वास लागला तर पुढचा थेंब न घालता तातडीने दवाखाना गाठा.

मधुमेहींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रक्तातली साखर एकदम उतरली की छाती धडधडते, हात थरथरतात. टिमोलॉल ही लक्षणं दाबून टाकतं. घाम मात्र येतो. कारण नसताना दरदरून घाम फुटला तर साखर तपासा.

रात्री झोपेत रक्तदाब तसाही उतरतो. झोपताना घातलेलं टिमोलॉल तो आणखी उतरवू शकतं, आणि डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडणं काचबिंदूत परवडणारं नाही. त्यामुळे दिवसातून एकदाच द्यायचं टिमोलॉल बहुधा सकाळी देतात. सकाळचं औषध आपल्या सोयीने रात्रीवर ढकलू नका.

लॅटानोप्रॉस्टचा गट याच्या उलट: दिवसातून एकदा, बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, आणि एकदाच. जास्त वेळा घातलं तर परिणाम वाढत नाही, उलट घटतो. पहिले काही आठवडे डोळे लाल दिसतात, पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात. बुबुळाचा तपकिरीपणा वाढू शकतो आणि तो औषध बंद केल्यावरही जात नाही. डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल गेल्यासारखे दिसू शकतात. एकाच डोळ्यात औषध असेल तर हा फरक उठून दिसतो. म्हणून कुणी "दोन्ही डोळे सारखे दिसावेत" म्हणून चांगल्या डोळ्यातही घालायला लागतात. तसं करू नका. डोळ्याच्या आत पूर्वी सूज आलेली असेल किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असेल तर हे औषध सुरू होण्याआधी सांगा.

ब्रिमोनिडीनने झोप येते, तोंड कोरडं पडतं. पहिले काही दिवस थेंबानंतर गाडी चालवणं टाळा. याची ॲलर्जी महिनोन् महिने व्यवस्थित वापरल्यावरही उद्भवते: डोळे लाल, खाज, पापण्या सुजलेल्या. हे औषध २ वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही. त्यांचा श्वास मंदावू शकतो. काही मानसोपचाराच्या औषधांसोबत, म्हणजे एमएओ इनहिबिटर गटासोबत, तेही चालत नाही.

डॉरझोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड सल्फाच्या कुळातले आहेत. सल्फा औषधाने अंगावर पुरळ किंवा सूज आल्याचा इतिहास असेल तर तो सांगायलाच हवा. थेंब झोंबणं किंवा तोंड कडवट होणं मात्र नेहमीचं आहे. पायलोकार्पिनने बाहुली बारीक होते, संध्याकाळनंतर कमी दिसतं, सुरुवातीला भुवईवर ठणका लागतो. अचानक काळे ठिपके किंवा प्रकाशाच्या चमका दिसल्या तर पडदा तपासून घ्या.

गरोदरपण ठरवत असाल, राहिलेलं असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर औषधांची फेरमांडणी डॉक्टरच करतील. आपण होऊन बंद करू नका आणि न सांगता चालूही ठेवू नका.

चुकलेला डोस आणि मनाने केलेली बंदी

वेळ चुकली तर आठवल्याबरोबर थेंब घाला. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. भरपाई म्हणून दोन घालू नका. दात घासणं, चहा, झोपण्याआधी दिवा मालवणं अशा रोज ठरलेल्या कामाला थेंब जोडून टाकले की विसरणं बरंच कमी होतं.

बाटलीचा हिशेबही बरंच काही सांगतो. एक मिलिलिटरमध्ये साधारण २० ते ३० थेंब असतात. २.५ मिलिलिटरची बाटली म्हणजे ५० ते ७५ थेंब. दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एकेक थेंब, तर २८ दिवसांत ५६ लागतात. बाटली १५ दिवसांतच संपत असेल तर निम्मं औषध गालावर जातंय. ती दोन महिने पुरत असेल तर डोस चुकताहेत, शिवाय मुदत उलटलेलं औषधही वापरलं जातंय.

काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही. थेंबांनी नजर सुधारल्यासारखी वाटत नाही आणि बंद केल्यावर लगेच काही बिघडल्यासारखंही वाटत नाही. काही औषधांचा परिणाम थांबवल्यावरही आठवडे टिकतो. म्हणून "बंद करून बघितलं, काही झालं नाही" हा अनुभव फसवा असतो. दाब चढत असतो, आणि त्यात गेलेली नजर कोणत्याही उपायाने परत येत नाही. औषध सोसत नसेल, परवडत नसेल, जमत नसेल, तर ते बदलून मिळतं. परिरक्षकाविना येणारी बाटली, वेगळा गट, लेझर असे पर्याय असतात.

इतर औषधं

स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने कधीही घालू नका. लाल डोळ्यावर ते लगेच आराम देतात, आणि काही जणांच्या डोळ्याचा दाब काही आठवड्यांत बेसुमार वाढवतात, तोही न दुखता. दम्याचे फवारे, त्वचेची मलमं, सांध्यांतली इंजेक्शनं यांतही स्टेरॉइड असू शकतं. ते बंद करायचं नाही, पण नेत्रतज्ज्ञांना कळवायचं. डोळ्याचा कोन अरुंद आहे असं सांगितलेलं असेल तर सर्दीच्या, ॲलर्जीच्या, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घ्यायच्या काही गोळ्यांनी दाब एकाएकी चढू शकतो. त्या घेण्याआधी विचारा. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना थेंबांची नावं सांगा; "रोजची औषधं कोणती?" या प्रश्नाच्या उत्तरात थेंब हमखास गळतात.

थांबायचं नाही अशी लक्षणं

डोळ्यात तीव्र ठणका, डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, दिव्याभोवती रंगीत वलयं, धूसर नजर, लाल डोळा: यांतली दोन-तीन एकत्र आली तर दाब एकदम चढलेला असू शकतो. सकाळची वाट न पाहता, रात्रीच आपत्कालीन विभागात जा. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यातून पू येणं, तो लाल होऊन दुखणं, नजर उतरणं हेही तितकंच तातडीचं, मग शस्त्रक्रियेला कितीही वर्षं झालेली असोत. गोंद किंवा दुसरं काही डोळ्यात गेलं तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, चिकटलेल्या पापण्या ओढून उघडू नका आणि लगेच निघा. लहान मुलाने थेंब प्यायले तर उलटी करवू नका. मूल ठीक दिसत असलं तरी बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

तपासणीच्या दिवशी

त्या दिवशीचे थेंब नेहमीप्रमाणे घाला, वेगळं सांगितलेलं नसेल तर. सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. तपासणीच्या आधीचे तीन-चार दिवसच नेमाने थेंब घातले, तर दाब बरा दिसतो आणि डॉक्टरांना वाटतं औषध पुरेसं आहे. मग नस का खराब होतेय हे कळत नाही, आणि नको असलेलं जास्तीचं औषध किंवा शस्त्रक्रिया सुचवली जाऊ शकते. आठवड्यात किती वेळा राहिलं ते खरं सांगा, शेवटचा थेंब किती वाजता घातला तेही सांगा. आणि एकदा तिथेच डॉक्टरांसमोर किंवा परिचारिकेसमोर थेंब घालून दाखवा; टोक पापणीला लागतंय की नाही, हे आपलं आपल्याला दिसत नाही.